बेहड्याच्या ढोलीचा ताबा

एका जंगलात, मुलांनो, एकाही घराला कुलूप नव्हतं, पण घरांच्या तंट्यांसाठी कोर्ट मात्र होतं. जंगल बरंच सुधारलेलं होतं.

तिथे बेहड्याच्या खोडात एक ढोली होती. बाबल धनेश आणि त्याची बायको शेवंती दर उन्हाळ्यात तिथे संसार मांडत. धनेशांची एक रीत असते. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच निघेल एवढी फट तेवढी ठेवते. नवरा त्या फटीतून तिला उंबरं भरवतो. पिल्लाला पंख फुटले की भिंत फोडून मायलेकरं बाहेर. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. पण तुमच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत ना? मग हसू नका.

एका वर्षी शेवंती आत बसली, अंडं घातलं, आणि हिरोजी पोपट दारात आला.

"ही ढोली माझ्या आजोबांची," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

कागद म्हणजे पिंपळाचं पान होतं. त्यावर कुणीतरी चोच मारलेली होती.

बाबलची चोच हिरोजीच्या अर्ध्या अंगाएवढी होती. एक टोला पुरला असता. पण बाबल सज्जन होता. तो वकिलाकडे गेला.

वकील होता दयाळ पक्षी. दयाळ जन्मालाच काळा कोट आणि पांढरा सदरा घालून येतो, त्यामुळे त्याला शिकायची गरज पडली नव्हती.

"वहिनी आत आहेत?" दयाळने विचारलं. "उत्तम. म्हणजे ताबा तुमचा. काही झालं तरी ताबा सोडायचा नाही."

कोर्ट जांभळाखाली भरायचं. न्यायाधीश होता गवा. तो प्रत्येक मुद्दा बराच वेळ चघळायचा.

हिरोजीच्या सहा चुलतभावांनी साक्ष दिली. सहाही जण एकाच आवाजात म्हणाले, "ही ढोली आमच्या आजोबांची." सहा जबान्यांत काडीचा फरक नाही, हे पाहून गवा फार प्रसन्न झाला.

मग त्याने विचारलं, "सध्या ताबा कोणाचा?"

"शेवंतीबाईंचा, साहेब," दयाळ म्हणाला.

"त्यांना समक्ष हजर करा."

"बाहेर आल्या तर ताबा जाईल, साहेब."

"आणि नाही आल्या तर त्या आत आहेत हे मला कसं कळणार?"

हा मुद्दा गव्याने चघळायला घेतला. तो चघळून होईना, म्हणून पुढची तारीख पडली.

मग तारखाच तारखा. बाबल सकाळीच कोर्टात जाऊन बसायचा. त्याचा पुकारा व्हायचा उन्हं कलल्यावर. उंबरं शोधायला वेळ उरायचा नाही.

"अहो, पिल्लू उपाशी झोपलंय," शेवंती फटीतून म्हणायची.

"वकीलसाहेब म्हणतात, केस आपल्या बाजूला झुकलीय."

"मला इथून फक्त समोरची फांदी दिसते. ती काही झुकलेली नाही."

पिल्लू तरीही वाढलं. पंख फुटले. शेवंतीने भिंत फोडायचं ठरवलं, तेव्हा दयाळ स्वतः धावत आला.

"मुळीच नाही. ताबा सलग हवा. पावसाळा संपला की निकाल."

"पण पिल्लाला पंख फुटलेत," बाबल म्हणाला.

"फुटू द्या. मिटून ठेवायचे."

शेवंतीने आतून हे ऐकलं. तिच्या शेजारी पिल्लू एक पंख उघडू पाहत होतं. तो भिंतीला अडत होता. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. तिने बाबलला विचारलं नाही, वकिलाला तर नाहीच. तिने चोच उचलली आणि भिंत फोडली.

पिल्लू फांदीवरून आधी पडलं आणि मग उडालं.

शेवंती थेट कोर्टात गेली. "मी हजर आहे," ती म्हणाली.

गव्याला आनंद झाला. "आलात? छान. म्हणजे आता ताबा नाही. ढोली हिरोजीची."

हिरोजी वाजतगाजत ढोलीत शिरला. पण तोवर शेकरूनेही त्याच ढोलीवर दावा ठोकला होता. हिरोजीने जंगलातला सगळ्यात अनुभवी वकील गाठला. काळा कोट, पांढरा सदरा.

"आत आहात ना?" दयाळ म्हणाला. "उत्तम. ताबा सोडू नका. त्यापेक्षा दार लिंपूनच घ्या."

आता त्या फटीतून एक लाल चोच तेवढी दिसते, आणि "माझ्या आजोबांची, माझ्या आजोबांची" एवढं ऐकू येतं. माणसाने न पकडता पिंजऱ्यात बसलेला जंगलातला तो पहिला पोपट.

पुढच्या उन्हाळ्यात बाबलने ओढ्यापलीकडच्या ऐनाच्या झाडावर दुसरी ढोली शोधली. शेवंती आत शिरली. चोचीत चिखल घेण्याआधी तिने मान बाहेर काढली.

"अहो, वकिलाला विचारलंत का?"

"नाही."

"मग लिंपते."

तात्पर्य: घराचा तंटा झाला तर कायद्याचा सल्ला जरूर घ्यावा. फक्त तो आपण न घेता, आपल्या घरावर डोळा असलेल्याला घेऊ द्यावा.