सायली परबचा एकच प्रश्न

ज्याच्या तोंडात कापसाचे बोळे आहेत, लाळ ओढणारी नळी आहे आणि वर माझी दोन बोटं आहेत, अशा माणसाला "काका, तुम्ही नेमकं कशासाठी जगता?" असं विचारणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. मी तिला पगार देते.

ठाकूरद्वारला माझा दातांचा दवाखाना आहे. सायली परब कॉलेज सुटलं की दुपारी येते, फोन घेते, केसपेपर काढते, पेशंटना पुढची वेळ देते. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते आहे, शेवटचं वर्ष. नोकरी मागायला आली तेव्हा मी विचारलं होतं, "हाच विषय का घेतलास गं?" तर म्हणाली, "मॅडम, बाकीच्या विषयांत उत्तरं आधीच ठरलेली असतात." मला ते फार आवडलं. तेव्हा माझी अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे.

फोनवर तिचं बोलणं ऐकावं. "दाढ काढायची की वाचवायची ते मॅडम सांगतील. पण मला सांगा, एखादी गोष्ट वाचवावी असं आपल्याला कधी वाटतं?"

पलीकडचा माणूस सुजलेला गाल धरून बसलेला. "अहो, दुखतंय मला!"

"हां, म्हणजे दुखायला लागल्यावर."

एकदा एक मुलगी साखरपुड्याआधी दात चमकवून घ्यायला आली. मी आत दुसऱ्या पेशंटमध्ये. बाहेरून फक्त सायलीचं "मग?" ऐकू येत होतं. दात चमकले, मग? मग फोटो. मग? मग लग्न. मग? पाच-सहा 'मग' झाल्यावर ती मुलगी कोपऱ्यात जाऊन फोनवर म्हणाली, "आई, मला जरा विचार करायला वेळ हवाय." त्या आईने नंतर मला जे काही ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न झालं, सुखाने झालं, पण ते अख्खं कुटुंब आता गिरगावातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातं.

"सायली, लोक इथे दात दाखवायला येतात," मी एकदा ओरडले.

"हो मॅडम, पण येताना अख्खे येतात ना."

तिचे वडीलही हात टेकलेले. ते करी रोडच्या एका टॉवरवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. अक्कलदाढ काढायला आले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, तिका जरा समजवा. मी जेवूक बसलंय की इचारता, बाबा, तू सुखी आसस काय? आता मी बांगड्याचे काटे काढू की तिका उत्तर देव?" मी म्हटलं, परब, तुम्ही वडील असून तुमचं ऐकत नाही, तर माझं काय ऐकणार?

हे सगळं मी चालवून घेतलं. वर्तककाकांचं मात्र चालवून घेण्यासारखं नव्हतं.

वर्तककाका शेजारच्याच वाडीत राहतात. बायको गेल्यापासून एकटेच. महिनाभर टाळाटाळ करून शेवटी कवळी करून घ्यायला तयार झाले. शनिवारी मी ती त्यांच्या तोंडात बसवली, आरसा दिला, म्हटलं जरा बाहेर बसा, सवय होऊ दे. आणि हात धुते न धुते तोच तो आवाज. "काका, तुम्ही नेमकं कशासाठी जगता?"

मी धावत बाहेर आले. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग कवळी काढून टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.

"अगं, त्यांची बायको गेलीय!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "कुणाला काय विचारावं, एवढं कळत नाही? सोमवारपासून येऊ नकोस."

तिने टेबलावरची कवळी उचलून पाण्याच्या वाटीत ठेवली.

रविवारी सकाळभर मला चैन पडेना. शेवटी ठरवलं, आपणच काकांकडे जायचं, कवळी द्यायची, माफी मागायची. दवाखाना उघडून पाहते तर कवळी जागेवर नाही! दुसरी किल्ली सायलीकडे. आता ही कवळीचंही तत्त्वज्ञान करणार की काय, असं म्हणत मी तरातरा वाडीत गेले.

काकांचं दार उघडंच होतं. आतून सायलीचा आवाज. "नाही काका, शिट्टी वाजली. जीभ मागे घ्या. परत."

काका कवळी घालून खुर्चीत ताठ बसले होते. कपाळावर घाम. "सु... सुशी..."

"परत."

"सुशीला," काका म्हणाले. स्वच्छ, एकही शिट्टी न वाजता. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि ओशाळले. "या डॉक्टर. हिला रागावू नका हो. काल हिने विचारलं, आणि मला नावच सांगायचं होतं. पण तोंडातून नुसती हवा आली. चार माणसांत बायकोचं नाव असं फुसकन निघालं. लाज वाटली, म्हणून उठलो."

मी सवयीने सायलीवरच डाफरले. "रविवारी घरी बसायचं सोडून इथे काय करतेस?"

"बाबा रात्रपाळी करून झोपलेत. आई गावाला, आजीपाशी. घरात आवाज करायचा नसतो."

"मग मैत्रिणींकडे जायचं."

तिने खांदे उडवले. "मॅडम, कशी आहेस विचारलं की सगळे 'मस्त' म्हणतात आणि मोबाईल बघतात. मी माझा प्रश्न विचारला की थांबतात. चिडतात, पण दोन मिनिटं थांबतात तरी."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पेशंटला पुढची वेळ सांगते, त्याच सुरात सांगत होती.

काका आत गेले आणि भाताचं पातेलं घेऊन आले. "आमटी आहे फक्त. मऊ भात केलाय, माझ्यासाठी." सायलीने ताटं घेतली. ती खाली मान घालून भराभरा जेवू लागली, सकाळपासून काही खाल्लं नसावं तशी. काकांनी तिला भात वाढला. ती "बास" म्हणाली. काकांनी आणखी वाढला.

"तुम्ही उभ्या का, डॉक्टर?"

मी दारातूनच घरी फोन लावला आणि सांगितलं, तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल.