फुलसिंगभाऊंची लोड टेस्ट

मंगळवारी सकाळी शोभा वारली. शोभा माझी बायको. पुढच्या मंगळवारी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि त्याच दिवशी फुलसिंगभाऊ राठोड आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला आले.

अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, आत वंदनेची तयारी चाललेली, आणि हे हातात नरसाळं घेऊन दारात उभे. माझ्या मेव्हण्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आज घरात कार्यक्रम आहे.

"म्हाईत हाय. वहिनी गेल्या," भाऊ म्हणाले. "पर आज सात तारीख हाय ना."

चार वर्षांत त्यांची दर महिन्याची सात तारीख चुकली नव्हती. मेव्हणा दारातून बाजूला झाला. तेवढ्यात भाऊ आत शिरले, आणि इन्व्हर्टरजवळ ठेवलेला पाण्याचा कॅन जागेवर नाही असं त्यांच्या लक्षात आलं. शोधाशोध झाली. कॅन अंगणात सापडला. माझ्या सासुरवाडीच्या मंडळींनी तो फिल्टरचा समजून मांडवात नेऊन ठेवला होता, वर पेला उपडा घातला होता, आणि सकाळपासून आल्यागेल्याने त्यातलं पाणी पिऊन अर्ध्याहून जास्त संपवलं होतं.

भाऊंनी कॅनमध्ये वाकून पाहिलं. मग जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ हातातला पेला तसाच धरून बसले होते.

"प्या, प्या. डिस्टिल पाणी हाय. ह्यानं माणसाला काही व्हत न्हाई," भाऊ म्हणाले. "पर बॅटरी उपाशी ऱ्हायली ना."

आठ दिवसांत घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ती माझी मुलगी सुजाता होती. हसता हसता ती रडायला लागली. भाऊ दुकानात जाऊन दुसरा कॅन घेऊन आले, पाणी टाकलं, झाकणं घट्ट बसवली आणि वंदनेला शेवटच्या रांगेत जाऊन बसले. नरसाळं मांडीवर होतं.

भाऊंचं दुकान वारंगा फाट्यावर आहे. पत्र्याचं, दहा बाय दहाचं. बाहेर ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या दवाखान्यातल्या रोग्यांसारख्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला दोन वायरी लावलेल्या. भाऊ साठीचे आहेत, उंच आणि वाळके. त्यांच्या सगळ्या शर्टांना तेजाबाच्या थेंबांनी भोकं पडलेली आहेत. बिनभोकाचा एकच शर्ट आहे, तो लग्नकार्यासाठी. त्यांना कुणी लग्नाला बोलवायला आलं की आधी विचारतात, "जवळचं हाय का लांबचं?" लांबचं असलं तर भोकांच्याच शर्टात जातात.

पण फाट्यावर भाऊ प्रसिद्ध आहेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गाडी बंद पडली म्हणून दुकानात आलेल्या कुठल्याही पोराला ते पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारत नाहीत. "तू काय शिकून राहिला?" असं विचारतात. उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "बराबर. बॅटरीत जागा हाय."

आयटीआयवाल्याला जागा आहेच. रसायनशास्त्रवाल्याला तर पायघड्या. कॉमर्सवाल्याला स्टोअर सांभाळायला जागा आहे. एकदा बी. ए. मराठी झालेल्या पोराने त्यांना पेचात पकडलं. भाऊंनी बॅटरीचे खांब, म्हणजे वायरी जोडायची टोकं, घासून पुरे केले आणि म्हणाले, "बॅटरीसंगं कागुद येतो ना, कसं वापरायचं सांगणारा? तो वाचून आजवर कुणाला काही समजलं का? मंग. तुझी गरज हाय."

एकदा नवरदेवाची जीप फाट्यावर बंद पडली. भाऊ मीटर लावायला गेले, आणि नवरदेव बी. एस्सी. झालेला निघाला. मग मीटर हातात राहिलं. सेल कसा बनतो, कारखान्यातल्या हॉलमधली हवा किती कोरडी ठेवावी लागते, टेस्टिंगला कोण घेतात, पॅक जोडायला कोण, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातला माल परत काढायचे कारखाने कसे निघू लागलेत, सगळं ऐकून होईपर्यंत मुहूर्त अर्धा तास पुढे गेला होता. वाजंत्रीवाले झाडाखाली झोपले. तो मुलगा पुढे खरोखर बॅटरीच्या कारखान्यात लागला. त्याचे सासरे मात्र अजून भाऊंशी बोलत नाहीत. फाट्यावरचे लोक म्हणतात, फुलसिंगकडे गेलं की गाडी चालू होती, पर पोरगं घर सोडून जातं.

आमची ओळख यातूनच झाली. मी जवळच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. एक दिवस भाऊ ग्रंथालयात आले. हातात भजी बांधून आलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद होता. त्यावर तेलाच्या डागाखाली एक नोकरीची जाहिरात होती, तेवढी त्यांना वाचून हवी होती. मी वाचली. 'फ्रेशर' म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ज्याने अजून कुठं काम केलेलं नाही असा. भाऊंना ते फार आवडलं. "म्हंजे कोरी बॅटरी. तेजाब न टाकलेली."

त्यानंतर ते दर आठवड्याला येऊ लागले. मी नव्या बॅटऱ्यांवरचे लेख त्यांना मराठीतून सांगायचो, आणि ते दोन दिवसांत माझ्यापेक्षा जास्त समजून यायचे. लिथियमच्या बॅटरीला पाणी लागत नाही, तेजाब लागत नाही, खांब घासावे लागत नाहीत, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी मला तो लेख पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. मग म्हणाले, "पोरांना तिकडंच धाडाय पायजे."

मला राहवलं नाही. ज्या धंद्याने तुमचा धंदा बुडणार, त्यात तुम्ही पोरं काहून पाठवता, असं मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सर, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ वाहायचे," भाऊ म्हणाले. "मंग ट्रक आले. बैल बसले. माझा बाप बैलासाठी रडत बसला. मी ट्रकची बॅटरी शिकलो."

सुजाता तेव्हा नांदेडला रसायनशास्त्रात एम. एस्सी. करत होती. भाऊंनी तिला अर्थातच सोडलं नाही. कुठल्या कारखान्याला अर्ज करायचा हे त्यांनी सांगितलं आणि तिने तो केला. नंतर शोभाचं आजारपण आलं, आणि अर्ज आम्ही सगळेच विसरलो.

शोभा गेल्यावर दोन महिन्यांनी, सुजाताची शेवटची परीक्षा झाल्यावर, उत्तर आलं. पुण्याच्या बाजूला बॅटरीच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. सुजाताने पत्र वाचून कपाटात ठेवलं आणि मला सांगितलं, की ती इथल्याच शाळेत शिकवणार आहे. मी म्हणालो, तुझं तू ठरव. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला आपला स्वार्थ असा सभ्य वाक्यात बसवता येतो. ती राहावी असं मला वाटत होतं. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायची मला भीती वाटत होती.

सात तारखेला भाऊ आले. पाणी टाकता टाकता त्यांनी पत्राचं विचारलं, आणि सुजाताने शाळेचं सांगितलं. आता नवरदेवाला दिलं तसं व्याख्यान होणार म्हणून मी तयारीत होतो. भाऊंनी तिला सोडून दिलं. ते माझ्याकडे वळले.

"तुमाला सैपाक येतो का?"

मी म्हणालो, चहा येतो.

"सर, मोकळ्यात हरेक बॅटरी बारा व्होल्ट दाखवती. लोड द्यायचा, म्हंजे वझं टाकायचं, मंग बघायचं किती उतरती. तवर ती चांगली का खराब, काही बोलायचं न्हाई." त्यांनी नरसाळं पुसलं. "तुमाला लोड देऊ."

दुसऱ्या दिवशी सुजाताला तिच्या मावशीकडे वसमतला धाडण्यात आलं. तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी घरात एकट्याने राहायचं, स्वयंपाक करायचा, धुणं-भांडी करायची आणि सकाळ-संध्याकाळ भाऊ येऊन पाहणार. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची अशी परीक्षा घेतात का, असं मी विचारलं. जुन्या बॅटरीचीच घ्यावी लागते, असं उत्तर मिळालं.

पहिल्या दिवशी मी पिठलं केलं. भाऊंनी चमच्याने उचलायचा प्रयत्न केला तर पातेलंच उचललं गेलं. "उतरली," ते म्हणाले, "पर बसली न्हाई." मग त्यांनी स्वतः शेगडीशी उभं राहून, आधी पाण्याला उकळी, मग पीठ, मग हात थांबवायचा नाही, असं मला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. मी गुपचूप फाट्यावरच्या हॉटेलात जेवलो आणि घरी येऊन चार भांडी ओली करून पालथी घातली. संध्याकाळी भाऊ आले. भांडी पाहिली. शेगडीला हात लावून पाहिला.

"हे चोरून चार्जिंग झालं," ते शांतपणे म्हणाले. "हॉटेलवाल्यानं मला सांगितलं, सरांनी दोन भाकरी खाल्ल्या म्हणून. आजचा दिवस धरायचा न्हाई."

परीक्षा एक दिवस वाढली. वसमतला तसा निरोप गेला. सुजाता फोनवर इतकी हसली, की तिची मावशी काय झालं म्हणून विचारायला आली.

चौथ्या दिवशी मी वरण-भात केला, मेथीची भाजी केली. संध्याकाळी कॉलेजातून आलो, कुलूप उघडलं, दिवा लावला. भीती वाटलीच. पण ताट वाढून घेतलं आणि जेवलो. भाऊ आले तेव्हा मी भांडी घासत होतो. ते उंबऱ्यात उभे राहून पाहत राहिले. त्यांनी वसमतला फोन लावला आणि सुजाताला सांगितलं, "बाई, बापाची बॅटरी ठीक हाय. तू भर बॅग."

तिला पोचवायला आम्ही दोघं गेलो. भाऊ बिनभोकाचा शर्ट घालून आले होते. इतक्या वर्षांत इतकी पोरं पाठवली, पण दुकान टाकून तिथं जाऊन कारखाना नीट असा कधी बघता आला नाही, असं ते बसमध्ये म्हणाले. सकाळी सुजाता गेटमधून आत गेली. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. आम्ही रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलो. दिवसभर आम्हाला दिसली ती एक लांब, पांढरी भिंत. भाऊ तिच्याकडे तृप्त होऊन पाहत होते.

चारच्या सुमाराला पाळी सुटली. भोंगा झाला, गेट उघडलं, आणि भाऊ बाकावरून उठून एकदम टपरीच्या मागे गेले. मला वाटलं, पोटात कळ आली. मी मागे गेलो तर ते ताडपत्रीच्या आडून गेटकडे पाहत होते.

"ते बघा, कळमनुरीकडचं पोरगं. पोट सुटलं त्याचं," ते हळू आवाजात म्हणाले. "तो आमच्या तांड्यावरचा, ईश्वर. चष्मा लागला वाटतं. अन् तो आपला नवरदेव."

मी म्हणालो, मग हाक मारा ना.

"न्हाई सर."

मी कारण विचारलं. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहून घेतलं. गर्दी थोडी विरळ झाली तेव्हा म्हणाले, "तांड्यावर कुणी मेलं की मलाच धाडतात. फोनवर सांगत न्हाईत. एवढा लांबचा रस्ता, पोरगं एकटं कसं यील? अन् पत्ता मलाच म्हाईत. दोनदा आलो असा, गेटवर. ह्या ईश्वरची माय गेली तवा आलो. मी काही बोललोच न्हाई. त्यानं मला पाह्यलं अन् हातातला डबा सोडून देला." त्यांनी ताडपत्री थोडी खाली ओढली. "आता मी दिसलो की ह्यांना वाटतं, घरी कुणी मेलं. मीच धाडलेली पोरं हायेत सगळी. त्यांना भ्या घालायला काहून उभं ऱ्हाऊ."

त्यांना मूलबाळ नाही, हे मला माहीत होतं. चार वर्षांत मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

शोभा गेली त्या दिवशी मी नांदेडला सुजाताच्या कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिलो होतो. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, मला पाहिलं, आणि जिथं होती तिथंच खाली बसली. मी हे भाऊंना सांगितलं नाही.

सुजाता सगळ्यांत शेवटी बाहेर आली. भाऊ म्हणाले, तुमी जावा, मी हितंच हाय. मी रस्ता ओलांडला. तिने आधी माझा चेहरा पाहिला. सगळं ठीक आहे, असं मी घाईने म्हणालो. मग ती हसली आणि विचारलं, "काका कुठंयत?" मी टपरीकडे पाहिलं, तशी ती सरळ तिकडे चालत गेली आणि ताडपत्रीपाशी उभी राहून मोठमोठ्याने सांगू लागली, की पांढरा कोट मिळाला, टोपी मिळाली, आणि हॉल इतका कोरडा असतो की ओठ फुटतात.

गेटपाशी रेंगाळून आता टपरीवरून चाललेला ईश्वर, ती कुणाशी बोलतेय म्हणून थांबला. त्याने वाकून पाहिलं. ताडपत्रीच्या आड भाऊ होते. त्याचा चेहरा पांढरा पडला.

भाऊ दोन्ही हात वर करून बाहेर आले. "काही झालं न्हाई," ते म्हणाले. "सगळे जिते हायेत. तुझा बाप बी बराबर हाय. मी निसता आलो."

ईश्वरने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. मग त्याने वळून पुढे गेलेल्या दोघांना हाक मारली, की फुलसिंगकाका आलेत, निसते आलेत. ते दोघे परत आले. नवरदेवाने चहा सांगितला. भाऊ चहा पिता पिता पोरांना कोण किती जाड झालं ते सांगत होते.

सुजाता तिथं कामाला आहे. मी वारंग्यात असतो, स्वयंपाक करतो, ग्रंथालयात जातो. भाऊ दर दिवाळीनंतर त्या गेटवर जाऊन येतात, आणि रस्त्यापलीकडूनच ओरडून सांगतात, की गावाकडं सगळे जिते आहेत.