तळ कुणी पाहिला

१९७३ सालच्या मार्च महिन्यात भिंगारच्या एका सरकारी कर्मशाळेत, सुरुंगालाही दाद न देणारी चिलखती गाडी बांधायचे ठरले. काम अतिशय गोपनीय होते. त्यामुळे ते फक्त टांगेवाल्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्याकडून बाकीच्या नगरला.

वेल्डिंगचे काम मच्छिंद्रकडे आले. बावीस वर्षे लोखंड जोडून त्याच्या भुवया कायमच्या जळाल्या होत्या, पण डोके शाबूत होते. शिवाय या कामात त्याचा जीव अडकला होता. तयार गाडी खऱ्या सुरुंगावर घालून दाखवायची होती आणि कर्मशाळेचा एकुलता एक चालक म्हणजे त्याचा धाकटा भाऊ गहिनीनाथ. आई रंगुबाई दोघांना वाढताना म्हणाली, "तू बनवनार, त्यो चालवनार. मंग मला कशाचा घोर?" घोर मच्छिंद्रने घेतला.

नकाशा मात्र चांगला होता. गाडीचा तळ होडीच्या बुडासारखा निमुळता, म्हणजे खालून उठलेला भडका उतरत्या छपरावरच्या पाण्यासारखा दोन्ही अंगांनी निघून जावा. तळाला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा पत्रा. गाडी जमिनीपासून चांगली उंच. चाके बाहेर काढलेली. उडाले तर चाक उडावे, माणूस नव्हे. आसने पट्ट्यांनी छताला टांगलेली, धक्का पाठीच्या कण्यापर्यंत पोचू नये म्हणून. मच्छिंद्रने नकाशा तीनदा पाहिला आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग नकाशा समितीपुढे गेला. समितीचे प्रमुख अधीक्षक गंधे हे अत्यंत दक्ष गृहस्थ होते. युद्धातल्या अडचणी युद्धात पाहता येतील, पण कर्मशाळेतल्या अडचणी आजच पाहिल्या पाहिजेत, असे त्यांचे मत होते. पहिली अडचण त्यांना लगेच दिसली. गाडी नऊ फूट उंच होती आणि कर्मशाळेचे फाटक आठ फूट.

"फाटक वाढवायचं तर बांधकाम खात्याची मंजुरी लागेल. दीड वर्ष," गंधे म्हणाले. "गाडी बुटकी करायला किती दिवस लागतील?"

"तीन," मच्छिंद्र खरे बोलून बसला.

चाके लहान झाली. गाडी खाली आली तेव्हा निमुळता तळ जमिनीला घासू लागला. तेव्हा तळ सपाट करण्यात आला आणि निमुळतेपणा 'तूर्त स्थगित' असा शेरा पडला. पुढे असे लक्षात आले की टांगलेल्या आसनांवर पाहणीला येणाऱ्या वरिष्ठांचे पाय लोंबकळतील, आणि ते पदाला शोभणारे नाही. आसने जमिनीला नटबोल्टांनी पक्की बसवली. वर जाजम अंथरले.

राहिला पत्रा. गाडीचे वजन कागदावर ठरून गेले होते आणि कागद बदलणे लोखंड बदलण्याहून अवघड होते. बाजूंचा पत्रा जाड हवा असे समितीला वाटले. तेवढे वजन कुठून तरी कमी करणे भाग होते, म्हणून ते तळातून काढले. कारण तपासणी उभ्याने करायची पद्धत होती. इस्त्रीची विजार घालून गाडीखाली सरपटणारा अधिकारी त्या कर्मशाळेने कधी पाहिला नव्हता.

"साहेब, सुरुंग खालून फुटतो," मच्छिंद्र म्हणाला.

"पण शेरा बाजूने मिळतो," गंधे समजुतीने म्हणाले.

तळाला आता एक सुती पत्रा होता. घरी भाकरीचा तवा साधारण तेवढ्याच जाडीचा. म्हणजे गहिनीनाथ तव्यावर बसून सुरुंगावर जाणार होता. मच्छिंद्रचे जेवण तुटले. त्याने दोन अर्ज केले. पहिल्यावर 'पाहिले' असा शेरा आला आणि दुसऱ्यावर 'पहिला अर्ज पाहावा' असा.

तिसरा अर्ज त्याने केलाच नाही. साहेबांना भाऊ दाखवून उपयोग नव्हता, नियम दाखवायला हवा होता. भिंतीला सुतळीने टांगलेली सुरक्षेची पुस्तिका त्याने काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि सतरावे कलम गंध्यांपुढे धरले: स्फोटके ठेवलेल्या जागी लाल निशाण लावावे, कोणतेही वाहन त्या जागेपासून पंधरा फुटांच्या आत नेऊ नये.

गंध्यांनी ते दोनदा वाचले. त्यांचा चेहरा उजळला, कारण गाडी उडाली असती तर खुलासा त्यांनाच द्यावा लागला असता.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

चाचणीच्या दिवशी माळावर सुरुंग पुरला, त्यावर लाल निशाण रोवले. गहिनीनाथने गाडी पंधरा फूट सोडून मोठ्या डौलात वळसा घालून नेली. मांडवातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात लिहिले गेले की वाहन सुरुंगक्षेत्रातून पार झाले असून वाहनास अथवा चालकास ओरखडाही आलेला नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. खाली जोडणाऱ्याची सही हवी होती.  समोर भाऊ धडधाकट उभा राहून चहा पीत होता, आणि मच्छिंद्रला त्या घटकेला दुसरे काही दिसत नव्हते. त्याने सही केली. घरी जाऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दहाव्या दिवशी हुकूम आला. अशा शंभर गाड्या बांधाव्यात. पहिली गाडी ताबडतोब सरहद्दीवर पाठवावी आणि सुरुंगक्षेत्र पार करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला देशातला एकमेव चालक गहिनीनाथ यास तिच्यासोबत धाडावे.

मच्छिंद्र धावत गंध्यांकडे गेला.

"साहेब, तळ पुन्हा करून देतो. रजेच्या दिवशी करतो."

"प्रमाणित वाहनात फेरफार? तुमचीच सही आहे, मच्छिंद्र."

"मंग तिथं लाल निशाणं तरी असतील का?"

गंधे विचारात पडले. "शत्रूने लावायची म्हणता? तसं कळवायला हरकत नाही. मसुदा करून आणा."

गाडी मालगाडीवर चढवली त्या दिवशी नगर स्टेशनवर हारतुरे झाले. गहिनीनाथ चिलखती गाडीच्या खिडकीतून वाकला.

"दादा, ईचारायचंच ऱ्हायलं. खालचा पत्रा किती जाड हाय रं?"

वर्षभरात हे विचारणारा तो पहिलाच.  मच्छिंद्रने भावाच्या गळ्यातला हार उगाच सारखा केला.

दुसऱ्या दिवशी गाडीचा फोटो छापून आला. भिंगारमध्ये तो घरोघर कापून भिंतीला लावला गेला, रंगुबाईनेही लावला. जाड पत्रा, रुबाबदार बाजू. पाहून कुणाचीही छाती फुगावी. तुमच्याही घरी कुठे असेल तर काढून पाहा. फोटो उभ्याने काढलेला आहे. तळ त्यात दिसत नाही, आणि तो दाखवा असे आपल्यापैकी कुणी म्हटले नव्हते, कारण आत आपला भाऊ नव्हता.