दिवाकररावांनी सुचवलेला सिनेमा

दिवाकर गायधनी यांनी त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून निमूटपणे पोहे खाल्ले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पोहे गरम होते आणि ते निवेपर्यंत माणसानं करायचं काय? म्हणून त्यांनी सोसायटीचा ग्रुप उघडला.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, जिथे सोसायट्या संपून द्राक्षमळे सुरू होतात, तिथे ही ‘गोदाछाया’ सोसायटी. ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या दिशानं लिहिलं होतं, ‘एकतीस तारखेला हॅलोवीन! पार्किंगमध्ये पडदा लावून हॉरर सिनेमा बघू या. कुठला बघायचा? सुचवा!’ त्याखाली पहिल्या मजल्यावरच्या कुंदन पाटलांचं उत्तर होतं, ‘दिवाकरराव सोडून कुणालाही विचारा. ते पावसाच्या बातम्यासुद्धा डोळे झाकून बघतात.’ आणि त्याखाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. (त्या रांगेत एक चेहरा भाग्यश्रीचाही होता. भाग्यश्री म्हणजे दिवाकररावांची बायको. ती त्या वेळी त्यांच्यासमोरच बसून लिंबू पिळत होती.)

कुंदनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दिवाकरराव विमा कंपनीत नोकरीला होते आणि जगात माणसाला काय काय होऊ शकतं हे दिवसभर कागदावर वाचून घरी येत. त्यातून त्यांचा स्वभाव भित्रा झाला, की स्वभाव भित्रा म्हणून ते विम्यात गेले, हे सांगणं कठीण. भुताचा सिनेमा म्हटला की त्यांची गाळण उडे. आयुष्यात एकही भयपट त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

तरी त्यांनी टाइप केलं, ‘हॉरर माझा जुना विषय आहे. उद्या सुचवतो.’

समोरून भाग्यश्रीनं मान वर केली. “अहो, हे तुम्हीच लिहिलंत?”

“का? मला विषय असू नयेत?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात ललितला गाठलं. ललितला या प्रकाराचं अतोनात वेड. चहाच्या टपरीवर त्यानं एका इंडोनेशियन सिनेमाची गोष्ट रंगवून सांगितली. एका शिंप्याच्या घरातलं शिलाई मशीन आपोआप चालतं आणि जे दिसेल ते शिवून टाकतं. कापडानंतर ते कशाकडे वळतं हे ललित सांगायला लागला, तेव्हा दिवाकरराव पैसे द्यायच्या निमित्तानं उठले.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘शिलाई मशीनचा इंडोनेशियन सिनेमा बघा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीसुद्धा जरा सावरून बसलो होतो. दुसऱ्यांदा मजा आली.’

दुसऱ्यांदा! सोसायटी गार पडली. दिशानं लगेच जाहीर केलं, ‘गायधनीकाका आपले प्रमुख पाहुणे! पहिल्या रांगेत, एकदम मधोमध. सिनेमा संपल्यावर ते दोन शब्द बोलतील.’

आता आली का पंचाईत? सिनेमा बघायचा नाही, पण बघताना दिसायचं. दिवाकररावांनी चार दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी उपाय सापडला तो त्यांच्या नाकावरच. चष्मा! त्यांचा नंबर असा की, चष्मा काढला की समोर मेहुणी उभी आहे की मीटर बघायला आलेला माणूस, हे समोरच्यानं तोंड उघडल्याशिवाय कळत नसे. उरला आवाज. त्यासाठी कापसाचे दोन बोळे, खोबरेल तेलात भिजवून.

एकतीस तारखेला दिवेलागणीलाच पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या गेल्या. पांढरा पडदा लागला. दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांमध्ये लटकत होते, त्यांच्या शेजारी दिशानं कागदी वटवाघळं टांगली होती. वडे, चिवडा, हात धुवायला पाण्याची बादली अशी सगळी तयारी. दिवाकरराव पहिल्या रांगेत बसले. ट्यूबलाइट मालवल्या, त्यांनी चष्मा खिशात टाकला, बोळे कानांत सारले आणि हाताची घडी घातली.

आणि काय सांगावं, त्यांना फार बरं वाटलं! समोर निळे-तांबडे ढग हलत होते. लांब कुठेतरी गिरणी चालू असल्यासारखी घरघर येत होती. मागून मधूनच एखादी बारीक किंकाळी यायची, पण तीही रजईत गुंडाळून आल्यासारखी. त्यांनी सावकाश एक वडा खाल्ला. भाग्यश्रीनं मागच्या रांगेतून त्यांच्याकडे पाहिलं. ती स्वतः पदराआडून सिनेमा बघत होती आणि तिचा नवरा मात्र देवळात कीर्तन ऐकावं तसा शांत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आपल्याला कळलाच नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

सिनेमा ऐन रंगात आला आणि फाटकापाशी वॉचमन चिमाजी जिवाच्या आकांतानं ओरडला, “बिबट्या! पळा, बिबट्या हाय! भिंतीवर हाय!”

नाशिकच्या माणसाला हा शब्द दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही. मळ्याच्या बाजूच्या कुंपणाच्या भिंतीवर तो खरंच उभा होता. क्षणात खुर्च्या उलटल्या, चपला राहिल्या, वडे पायाखाली गेले. सगळी सोसायटी जिन्यात घुसली. त्या रेट्यात भाग्यश्री आणि त्यांची मुलगी इरा दोघीही वर ढकलल्या गेल्या. जिन्याचं दार आतून बंद झालं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दिवाकरराव खालीच आहेत.

दिवाकररावांना पळापळ जाणवली होती. ‘मशीन माणसाकडे वळलेलं दिसतंय,’ त्यांनी मनाशी ताडलं आणि गालातल्या गालात हसले. सगळे पळाले! कुंदन पाटीलसुद्धा!

एवढ्यात उजव्या बाजूनं एक पिवळसर आकृती आली आणि बादलीतलं पाणी प्यायला लागली. दिशाचा लॅब्रॅडॉर. ब्रूनो. दिवाकररावांना त्याची दया आली. माणसं पळून गेली आणि मुकं जनावर मागे ठेवलं!

“ब्रूनो,” ते जागचे न हलता मायेनं म्हणाले, “घाबरू नकोस हं बाळा. सिनेमाच आहे.”

पाणी पिणं थांबलं. आकृतीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. गॅलऱ्यांमधून आधी आरडाओरडा होत होता, तोही थांबला. भाग्यश्री कठडा घट्ट धरून उभी होती. इरानं आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं.

थोड्या वेळानं दिवाकररावांनी हात वर करून म्हटलं, “जा आता. घरी जा.”

आकृती उठली, एका झेपेत भिंतीवर गेली आणि मळ्याकडे उतरून दिसेनाशी झाली. ‘जाडा असून चपळ आहे,’ दिवाकररावांनी मनाशी नोंद केली.

बऱ्याच वेळानं जिन्याचं दार उघडलं आणि सगळे हळूहळू खाली आले. दिवाकररावांनी कान खाजवल्यासारखं करून बोळे काढले आणि चष्मा चढवला. समोर सोसायटी हात जोडून उभी होती. एक म्हातारे आजोबा त्यांच्या पाया पडायला वाकत होते.

“दिवाकरराव,” कुंदननं जवळ येत विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“कसली भीती?” दिवाकरराव नम्रपणे म्हणाले. “सवय असली की काही वाटत नाही. लहानपणापासून बघतोय.”

“लहानपणापासून?” गर्दीतून एक सुस्कारा उठला.

“इतक्या जवळून?” दिशानं विचारलं.

“जवळून बघण्यातच खरी मजा. लांबून काय कळणार?”

“पण काका, तो अंगावर आला असता तर?”

“चांगला असेल तर अंगावर येणारच! तेव्हा वडा खात बसायचं. माझा तर उद्या इरालाही असाच जवळून दाखवायचा विचार आहे.”

इरानं भोकाड पसरलं. भाग्यश्री गर्दीतून पुढे आली, तिनं नवऱ्याच्या खांद्यावर एक जोरदार चापट मारली आणि मग तोच खांदा धरून रडायला लागली. “तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? आम्ही काय करायचं होतं?”

दिवाकरराव गहिवरले. “अगं वेडे, शिलाई मशीनच्या सिनेमानं मला काय होणार?”

कुंदननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग आपला मोबाइल पुढे केला. त्यानं गॅलरीतून सगळं टिपलं होतं.

दिवाकररावांनी बघायला सुरुवात केली. या वेळी चष्मा होता. कानांत काही नव्हतं. अंधारात एक माणूस हाताची घडी घालून बसलाय. त्याच्या शेजारी, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, एक बिबट्या. पडद्याचा निळा उजेड त्याच्या पाठीवरून पाण्यासारखा वाहत होता. एकेक ठिपका दिसत होता. कान किंचित हलत होते. किती देखणा होता तो! त्यानं मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं, तेव्हा त्याचे डोळे दोन पणत्या पेटाव्यात तसे पेटले. दिवाकररावांना भीती वाटायच्या आधी काहीतरी वेगळंच वाटलं. असं काही आपल्या शेजारी येऊन बसलं होतं, पाणी प्यायलं होतं आणि आपण त्याला बाळ म्हणालो होतो. त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक थरारक सिनेमा डोळे न झाकता शेवटपर्यंत पाहिला.

मग त्यांची पाचावर धारण बसली आणि ते सावकाश, अदबीनं, खुर्चीसकट मागे कलंडले.

शुद्धीवर आले तेव्हा भाग्यश्री तोंडावर पाणी मारत होती आणि वनखात्याचे साहेब बॅटरीच्या उजेडात पंजांचे ठसे बघत होते. साहेबांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले.

“साहेब,” कुंदननं अदबीनं विचारलं, “यांनी नुसत्या हातानं त्याला घालवलं. म्हणजे यांच्यात काहीतरी असणारच ना? वजन, तेज, असं काहीतरी?”

साहेबांनी मान हलवली. “तसं नाही हो. पाणी पिऊन झालं, तो निघाला. माणूस दिसला असता तर तो थांबलाच नसता, नाहीतर चवताळला असता. मला विचाराल तर त्यानं यांना माणसात धरलंच नाही. काहीतरी निर्जीव वस्तू ठेवलीय, असा त्याचा समज झाला.”

भाग्यश्रीनं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या पाठीखाली उशी सरकवली.

“त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक?” ती म्हणाली. “रविवारी झाडू मारताना माझाही तोच समज होतो.”