चौथा कोपरा

सलग तिसऱ्या गुरुवारी भाजलेल्या मॅकरोनीचा चौथा कोपरा इमरिस प्रोबर्टच्या ताटात पडला आणि लव्हेल पेटिग्रूच्या हातातला काटा हवेतच थांबला.

लव्हेल हा अमेरिकेतल्या टोलेडोच्या फर्नेस या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघात मागच्या फळीचा कोच. समोरचा गडी चेंडू काखेत मारून पुढच्या सगळ्यांना चकवून सुटला, की त्याला धरून खाली पाडायचं शेवटचं काम या मागच्या फळीचं. त्यांच्या मागे फक्त गोलरेषा आणि प्रेक्षकांच्या शिव्या. दर गुरुवारी ही फळी लव्हेलच्या घरी जेवायची. त्याची बायको डोरेथा मॅकरोनीत तीन प्रकारचं चीज घालून मोठा ट्रे ओव्हनमध्ये भाजायची. ट्रेला कोपरे चारच, आणि खरपूस, कुरकुरीत भाग सगळा कोपऱ्यात. रविवारच्या सामन्यात ज्यांनी चांगल्या पकडी केल्या अशा तिघांना लव्हेल स्वतःच्या हाताने एकेक कोपरा वाढायचा. चौथा त्याचा. लग्न झाल्यापासून त्याचाच. चर्चमध्ये पाद्र्याने तेवढं बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

"डोरेथा," लव्हेल हळूच म्हणाला, "तो कोपरा..."

"पाहुणे आहेत ते."

"तिसऱ्यांदा जेवायला आलेला माणूस पाहुणा असतो होय?"

"मग घरचा समज. घरच्याला वाढलं तर काय बिघडलं?"

लव्हेलने हवेतला काटा खाली ठेवला. इमरिस हसला. त्याचे दात पांढरेशुभ्र, एका ओळीत, मोत्यासारखे. पहिल्याच दिवशी डोरेथा म्हणाली होती, "काय दात आहेत हो तुमचे! नाहीतर आमचे हे." तेव्हापासून लव्हेल फोटो काढताना तोंड मिटून उभा राहायचा.

इमरिस वेल्सचा. तिकडे रग्बी खेळलेला. सुरुवातीच्या सामन्यांत फर्नेसच्या मागच्या फळीच्या हातून लोक साबणासारखे निसटले. शेवटी एक जाडजूड पळणारा सगळ्यांच्या मधून असा गेला, जसा लग्नघरात आचारी जातो, सगळेच बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच डॉम्ब्रोव्स्कींनी पकड शिकवायला इमरिसला आणलं. लव्हेल अकरा वर्षं सांगत आला होता, "डोकं त्याच्या पुढ्यात घाला, वाट अडवा, छातीने थोपवा." इमरिस आला आणि म्हणाला, "डोकं मागे ठेवा. गाल त्याच्या मागच्या खिशाला लावा. मिठी मारा आणि पाय थांबवू नका." पोरांनी चार दिवसांत माना डोलवायला सुरुवात केली. म्हणजे अकरा वर्षं त्या माना कशासाठी होत्या, असा लव्हेलचा प्रश्न होता.

जेवण झाल्यावर इमरिसने बाह्या सारल्या आणि भांडी घासायला उभा राहिला. वर गाणं. आवाज असा की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. पेटिग्रूंचा कुत्रा बिस्किट, ज्याला लव्हेलने बाटलीने दूध पाजून वाढवलं, तोसुद्धा जेवणभर इमरिसच्या पायाशी टेबलाखाली बसून होता आणि आता त्याच्या मागे मोरीपाशी शेपूट हलवत होता.

"बिस्किट, इकडे ये," लव्हेल म्हणाला.

बिस्किटने वळूनही बघितलं नाही.

"कोच, कुत्र्याला पण माणसाची पारख असते," कॅड्रिक मेबन म्हणाला. हा मागच्या फळीतला सगळ्यात जुना गडी. लव्हेलने त्याला कॉलेजातून निवडून आणलेलं, पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. एवढं म्हणून तो मोरीकडे वळला. "इमरिस, माझे पाय शेवटच्या क्षणाला का थांबतात, जरा बघाल का?"

"मी अकरा वर्षं बघतोय ते!" लव्हेल ओरडला.

"तुम्ही बघता कोच, पण ते गाऊन दाखवतात."

शुक्रवारी सकाळी डॉम्ब्रोव्स्कींनी लव्हेलला खोलीत बोलावलं. हा माणूस वाक्य अर्धं बोलून उरलेलं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून गिळायचा. आज पूर्ण बोलला.

"लव्हेल, पोरांना दोघांचं ऐकून घोळ होतोय. पुढच्या वर्षी मागच्या फळीला एकच आवाज हवा. रविवारनंतर सांगतो कोणाचा."

"आणि दुसऱ्या आवाजाने काय करायचं?"

डॉम्ब्रोव्स्कींनी घड्याळाकडे बघितलं.

लव्हेल तिथून निघाला तो तडक सामानाच्या खोलीकडे. तिथे इमरिसचं कडं होतं. हंगामात सरावाला एकमेकांना जोरात पाडायची बंदी असते, गडी जायबंदी होतात. म्हणून इमरिसने हे फोमचं कडं मागवलेलं. छातीपर्यंत उंच, माणसाच्या वजनाचं. एकाने ते घरंगळवायचं, दुसऱ्याने धावत जाऊन त्याला मिठी मारून पाडायचं. लव्हेल त्याला डोनट म्हणायचा आणि त्याच्याकडे बघायचाही नाही. पण आता त्याच्या डोक्यात एक विचार आला. आपल्या जुन्या पद्धतीनेही हा डोनट पडला, तर नव्या पद्धतीला काय अर्थ राहिला? एकदा स्वतः करून बघू, मग रविवारआधी सगळ्यांसमोर करून दाखवू.

शुक्रवारी सराव लवकर संपतो. गड्यांची बायकापोरं येतात आणि मैदानाखाली उतार संपतो तिथे तंबूत एकत्र जेवण होतं. सगळे तिकडे गेले होते, मैदान रिकामं. अडचण एकच होती. कडं घरंगळवायला दुसरा माणूस लागतो. लव्हेलने आजूबाजूला बघितलं, स्वतःच जोरात ढकललं आणि स्वतःच मागे धावला.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ढकलणारा आणि पकडणारा दोन्ही होऊ नये. पाणी साचू नये म्हणून मैदान मधे उंच आणि कडेला उतरतं असतं. हे लव्हेलला माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. कडं उताराला लागलं आणि वेग घेऊ लागलं. लव्हेलने त्याला गाठलं, शिकवल्याप्रमाणे डोकं पुढ्यात घातलं, आणि कड्याने त्याच्या हनुवटीला असा धक्का दिला की टोपी एकीकडे आणि तो दुसरीकडे. उठला, पुन्हा धावला. कडेच्या बाकापाशी त्याच्या जवळ पोचला, पण नेमक्या क्षणी पाय थांबले. कडं पुढे, लव्हेल गवतावर पोटावर.

तंबूकडे सामान न्यायचं म्हणून फाटक सताड उघडं होतं. कडं त्यातून सरळ बाहेर पडलं. बाहेर कठड्याच्या कडेने वळत जाणारा डांबरी उतार. उताराच्या टोकाला तंबू. आणि तंबूच्या तोंडाशी, दोन्ही हातांत मॅकरोनीचा ट्रे घेऊन, पाठमोरी डोरेथा. शेजारी इमरिस काहीतरी गात उभा.

"डोरेथा! सरक!" लव्हेल ओरडला.

डोरेथाने वळून पाहिलं. "लव्हेल, तुझी टोपी कुठाय?" ती म्हणाली, आणि मग तिला कडं दिसलं. ट्रे जड, खाली टाकावा असं तिच्या मनातही आलं नाही. ती होती तिथेच डोळे मिटून उभी राहिली.

लव्हेल कड्याच्या मागे धावलाच नाही. वळणावरचं गवत तुडवत, जिथे कडं पोचणार होतं तिकडे आडवा धावला. डोकं आपोआप मागे गेलं, गाल फोमला घासला, हात आवळले गेले, पाय चालतच राहिले. कडं आडवं पडलं. लव्हेल त्याच्यासकट घसरत गेला आणि डोरेथाच्या बुटांपाशी थांबला. फक्त घेवड्याच्या शेंगांचं टेबल त्याच्या पायांनी आडवं झालं आणि शेंगा डॉम्ब्रोव्स्कींच्या मांडीवर गेल्या.

डॉम्ब्रोव्स्कींनी मांडीवरची एक शेंग उचलून बाजूला ठेवली.

"वा!" इमरिस म्हणाला. "गाल अगदी खिशाला!"

लव्हेलने डोळे मिटून घेतले. हनुवटी दुखत होती, पण ते वाक्य जास्त लागलं. डोरेथाने ट्रे टेबलावर ठेवला, खाली बसली, त्याच्या केसांतलं गवत काढलं आणि म्हणाली, "वेडा आहेस. या वयात टायरांच्या मागे पळतात का?" पण हात तिथेच राहिला.

प्रकरण इथे संपलं असतं. पण मैदानाच्या मनोऱ्यावर कॅमेरावाला रविवारसाठी नवा कॅमेरा तपासून बघत होता. त्याने सगळं टिपलं होतं.

शनिवारी सकाळी फिल्मच्या खोलीत मागची फळी बसली. तिथे एक नियम होता आणि तो लव्हेलनेच केलेला. ज्याची पकड हुकली, त्याने पडद्यासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कुठे चुकलं. दिवा मालवला. पडद्यावर रिकामं मैदान आलं, आणि त्यावर एकटा लव्हेल, कड्याला ढकलताना.

आधी कोणी तरी शिंकल्यासारखं केलं. मग सगळी खोली हसून कोसळली.

"बंद करा ते," लव्हेल म्हणाला.

"कोच," कॅड्रिक डोळे पुसत म्हणाला, "नियम म्हणजे नियम. मी आजारी असताना तुम्ही मला उभं केलं होतंत. ताप होता मला."

"तुला ताप नव्हता. तू हॉटडॉग जास्त खाल्ले होतेस."

"उभे राहा, कोच."

मागच्या रांगेत डॉम्ब्रोव्स्की बसले होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. लव्हेल उठला.

"इथे," तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "डोकं मी पुढ्यात घातलंय. त्यामुळे मला कडं दिसतच नाहीये. मला दिसतंय ते फक्त आभाळ."

"आणि इथे?" कॅड्रिकने विचारलं.

"इथे पोचलोय, पण पाय थांबलेत. हा कॅड्रिकचा आजार. मला वाटलं होतं तो मूर्ख आहे म्हणून होतो. तसं नाही. पडायची भीती वाटते म्हणून होतो." कॅड्रिकने मान वर केली. "आणि इथे बघा, मी कड्यामागे पळत नाहीये. ते जिथे जाणार तिथे जातोय. पळणाऱ्याच्या मागे लागाल तर त्याचा पार्श्वभागच बघत बसाल."

हे इमरिसला नवीन होतं. तो पुढे सरकून बसला. पडद्यावर शेवटची पकड आली. कॅड्रिकने चित्र तिथेच थांबवलं.

"ही कोणाची पद्धत, कोच?"

लव्हेलने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर त्याचा गाल फोमला चिकटला होता.

"त्या गाणाऱ्याची," तो म्हणाला आणि खाली बसला.

रविवारी फर्नेस जिंकलं. मागच्या फळीच्या हातून एकही जण सुटून गोलरेषेपर्यंत गेला नाही. कॅड्रिकने शेवटच्या मिनिटाला एकाला असं गाठलं की पाय थांबलेच नाहीत, दोघेही पाण्याच्या पिंपात जाऊन पडले.

सोमवारी डॉम्ब्रोव्स्की म्हणाले, "तुझाच आवाज राहील. शनिवारी पहिल्यांदा पाहिलं, तू बोलतोयस आणि कोणी डुलक्या घेत नाहीये. इमरिस हंगाम संपेपर्यंत आहे, मग जातोय घरी. कडं इथेच राहील." जरा थांबून ते म्हणाले, "फाटक बंद ठेवत जा."

लव्हेल जिंकला होता. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं. गुरुवारी त्याने तीन कोपरे तिघांना वाढले, चौथा स्वतः उचलला आणि सगळ्यांसमोर इमरिसच्या ताटात ठेवला. डोरेथा बघतेय ना, याची आधी खात्री करून घेतली.

इमरिस लाल झाला.

"लव्हेल, आता खरं सांगतो," तो म्हणाला. "मला हे चावत नाही."

"म्हणजे?"

"वरचे दात माझे नाहीत. माझे तिकडे स्वान्सीच्या रग्बीच्या मैदानात राहिले, मी वीस वर्षांचा होतो तेव्हा. मला मधला मऊ भागच आवडतो. पण डोरेथाबाई इतक्या मायेने वाढायच्या, नाही कसं म्हणू? घरी भांडी एकट्याचीच असतात. बायको गेल्यापासून माझ्या ताटात कोणी काही वाढलं नव्हतं."

डोरेथा उठली. तिने मधला मऊ भाग मोठ्या चमच्याने काढून त्याच्या ताटात घातला, आणि मग अजून एक चमचा.

लव्हेलच्या कपाळावर आठी पडली. "मग इतके दिवस ते कोपरे गेले कुठे?"

इमरिसने टेबलाखाली बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. बिस्किट तिथे बसलेला होता, पोट फरशीला टेकेल इतका गलेलठ्ठ, नजर वर लावून.

"आयला!" कॅड्रिक म्हणाला. "म्हणजे कोच तीन आठवडे कुत्र्यावर जळत होते!"

हसणं थांबेना. इमरिसने तो कोपरा अदबीने लव्हेलच्या ताटात परत ठेवला. बिस्किट लगेच उठला, टेबलाखालून चालत आला आणि लव्हेलच्या पायाशी बसला. कारण कळत असूनही लव्हेलला बरं वाटलं. पण डोरेथा इमरिसच्या ताटात तिसरा चमचा घालत होती, आणि लव्हेलची नजर तिकडे गेली. क्षणभरच. तेवढ्यात बिस्किट त्याच्या कोपराखालून आत शिरला, पाय न थांबवता, आणि कोपरा घेऊन सोफ्यामागे गेला.

"उभे राहा, कोच," कॅड्रिक म्हणाला. "नियम म्हणजे नियम. कुठे चुकलं?"

लव्हेल उभा राहिला. रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"माझं लक्ष," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या ताटात होतं."