काचेवरचं बटण

जवाहरनगरला कारखान्याच्या शाळेत दोन नवेकोरे कॉम्प्युटर आले, तेव्हा टेंभरे सरांनी प्रदर्शनासाठी दोन मुलींपुढे दोन फ्लॉप्या ठेवल्या. एकीतल्या तयार साधनांनी पडद्यावर आकड्यांची साधी यादी करता यायची. दुसरीतल्यांनी चौकटी, बटणं आणि कीबोर्डनं सरकणारा बाण.

"नवशिक्यांनी आकडेवालीच घ्यावी," सर म्हणाले.

रुखमिणीनं ती घेतली, झटपट प्रोग्राम जमवला आणि भर वर्गात शाबासकी मिळवली. धुरपताच्या पोटात असं दुखलं, जसं काही ओंजळभर कच्ची बोरं खाल्ली!

"मले तं बटणंच पायजेत!" ती म्हणाली. भातशेताची बांधी खोल की उथळ, ते बटण निवडायचं. कोणता धान लावायचा ते मशीन सांगणार. डोळे फोडून तिनं दोन ढब्बू बटणं पडद्यावर उभी केली.

प्रदर्शनात पहिल्याच आल्या सिहोऱ्याच्या शकुंतलाबाई. बाणबिण त्यांनी पाहिलाच नाही. बटण दिसलं, थेट काचेवर बोट!

"दाबून राहिली व माय, हलतच नाई!"

शेजारच्या टेबलावर रुखमिणी खी-खी हसली. झालं! "थांबा, तार पायते," पुटपुटत, कोणाच्या ध्यानात यायच्या आत, धुरपता कीबोर्डसकट टेबलावरून लोंबणाऱ्या चादरीखाली शिरली. कोण काय दाबतंय ते खालून दिसेना, म्हणून आवाज बदलून ओरडली, "बोट ठेवा आन मोठ्यानं नाव घ्या!"

शकुंतलाबाई लाजून लाल. पदर सावरत म्हणाल्या, "खोल बांधीत पाणी भरलं काठोकाठ, वासुदेवरावांचं नाव घेते, पाहू नका वाट!"

'खोल' ऐकताच धुरपतानं कळ दाबली. धानाचं नाव झळकलं!

"अवं, मशीनले उखाणा समजते!"

बायांची ही रांग लागली! रुखमिणीपुढे चिटपाखरू उरेना. तिचं पडलेलं तोंड पाहायला धुरपता तडफडत होती, पण चादर कशी उचलणार?

जळफळत रुखमिणीच पाहायला आली. धुरपता कुठेच दिसेना. रडत पळाली असणार! शकुंतलाबाईंनी रुखमिणीचाच हात धरला. "कोणं बनवलं वं हे? तूनं?"

"हो. मीच!"

टाळ्या! चादरीखाली धुरपता नुसती उकळली. बाहेर यावं तर लबाडी उघडी पडणार!

"मंग या साहेबाईले दाखव, पोरी," शकुंतलाबाईंनी कारखान्याच्या मोठ्या साहेबांना पुढे केलं.

रुखमिणीनं ऐटीत काचेवर बोट ठेवलं. "खोल!"

काही नाही.

"खोल! अवं, खोऽऽल!"

टेबलाखाली धुरपता मस्त मांडी घालून, हाताची घडी घालून बसली होती.