खिडकीवरचं कारलं

दाखल्यांच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला सारं गाव कारलं म्हणे. मृत्यूचा दाखला मागायला जावं, तर मेलेल्याला सोबत का आणलं नाही म्हणून तो वसकन अंगावर येई. त्याचा आवाज ऐकून जन्माचा दाखला घ्यायला आलेला एक पैलवान बाप जो पळाला, तो बाळाला मिशा फुटेपर्यंत तिकडे फिरकला नाही म्हणतात.

पण घरबसल्या मोबाइलवर दाखले काढण्यात हेच कार्यालय पहिलं. हा आपल्या रंगीत फलकांचा प्रताप, असं साहेबांना वाटे. त्या जोरावर मोठ्या कार्यालयातली खुर्ची त्यांच्या अगदी हाताशी आली होती. जाण्यापूर्वी तक्रारी मिटवाव्यात म्हणून त्यांनी कारल्याला सौजन्याच्या प्रशिक्षणाला धाडलं.

तुपात तळून, साखरेत घोळून जे साधत नाही, ते त्या प्रशिक्षणाने साधलं. कारलं परतलं ते गोड होऊन. लोकांची गुडघेदुखी विचारू लागलं, बाळांची नावं सुचवू लागलं. झालं. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. एक आजी तर नवऱ्याचा दाखला हातात असताना पुन्हा मागायला आल्या. घरात इतकं कुणी बोलत नाही म्हणाल्या. मोबाइलवरचे अर्ज आटले आणि साहेबांची खुर्ची डळमळली.

शेवटी शिपायाने तोंड उघडलं. "फलक कोण वाचतंय, साहेब? याच्या तोंडाला भिऊन लोक मोबाइल शिकले होते."

साहेबांनी कारल्याला आत बोलावलं. "थोडं ओरडा हो. निदान एखाद्याला तरी हाकला."

"आता नाही जमत, साहेब. घरी बायकोसुद्धा बोलायला लागलीय माझ्याशी."

नाइलाजाने साहेब स्वतःच खिडकीत बसले. ओरडायचं ठरवून बसले, पण घरचे संस्कार आडवे आले. मग त्यांनी प्रत्येकाला ऑनलाइन सेवेचे फायदे पहिल्यापासून समजावायला घेतले. शिक्का कुठे असतो हे ठाऊक नव्हतंच. दुपारपर्यंत रांगेतले निम्मे लोक मोबाइल काढून बसले, उरलेले कुंपणावरून उड्या टाकून घरी गेले. महिनाअखेरीस अर्जांचे सगळे जुने उच्चांक मोडले.

मोठ्या कार्यालयातून हुकूम आला. साहेबांना त्या खिडकीवरून कोणत्याही परिस्थितीत हलवू नये, आणि रिकाम्या खुर्चीसाठी तो गोड बोलणारा कारकून तातडीने पाठवावा.